कोल्हापुरातली भुताखेतांची हलकीफुलकी रहस्यकथा: मुंजाच साक्षीदार असेल तर रहस्य उरतं का?

पिंपळपान_शुक्रवारपेठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय, लिहायला घेतली आणि मधेच गाडी रुतली म्हणून इथं विचारतेय. प्रकार म्हणाल तर कोझी मिस्ट्री, म्हणजे रक्ताचे सडे नाहीत, सायको किलर नाही, पेठेतलीच माणसं आणि पेठेतलाच गुन्हा, आणि शोध लावणारी पण पेठेतलीच एक चौकस पोरगी. फक्त माझ्या पेठेत भुतं आहेत आणि ती सगळ्यांना माहीत आहेत. आमची आजी कसं म्हणायची, तिन्हीसांजेला पिंपळाखालनं जाऊ नगंस, मुंजा हाय तितं, आणि त्याच दमात विचारायची की रात्रीला पिठलं टाकू का आमटी. तेवढ्याच सहजपणे मला ती भुतं गोष्टीत पाहिजेत.

कथा थोडक्यात अशी. शुक्रवार पेठेत एक जुना वाडा, भाडेकरू पाचसहा, त्यातल्या सगळ्यात जुन्या आक्का, ज्या वाडा सोडायला तयार नाहीत. पावसाळ्यात एका रात्रीपासनं बोळात करकर करकर चपलांचा आवाज यायला लागतो, बाहेर बघावं तर कोण नाही. नायिका राणी, तिच्या वडलांचं चप्पल लाईनला दुकान, स्वतः पण कारागीर. तिच्याकडं आधी एक विचित्र ऑर्डर येऊन गेलेली असते, हातभर लांबीच्या चपलांचा जोड, पैसे आगाऊ, नाव नाही. तोच जोड एका सकाळी वाड्याच्या उंबऱ्यावर सापडतो आणि तळ झिजलेले. भाडेकरू घाबरून एकेक करून जायला लागतात, आणि त्या गोंधळात आक्कांचा कोल्हापुरी साज जातो चोरीला. हिरो विश्वास, पाटबंधारे खात्यात आहे, नुकताच बदली होऊन आलाय, भुतांवर विश्वास नाही (हो नावाचा विनोद मुद्दाम केलाय, चालवून घ्या).

आता गोची. वाड्याच्या मागच्या पिंपळावर बंडू नावाचा मुंजा आहे आणि तो राणीशी बोलतो. तो रात्रभर तिथंच असतो मग त्यानं चोर बघितलाच असणार ना? त्यानं सांगून टाकलं तर कथा तिथंच संपली, आणि नाही सांगितलं तर वाचक म्हणणार लेखिका लपवालपवी करतेय. दुसरं म्हणजे खून पाहिजे का नुसती चोरी चालेल? तिसरं, भुतं कुठली कुठली घेऊ, मला परी, ड्रॅगन, बोलणारी काळी मांजर असलं काय नकोय. आणि चौथं ते प्रेमाचं, ते माझ्याच्यानं जमेना झालंय, लिहिलं की सीरियल वाटतंय.

रातकिडा_गंगावेस

ताई, तुम्ही मुंजाचा सीसीटीव्ही करून टाकलाय, तिथंच फसलंय सगळं. मुंजा म्हणजे कोण? मुंज झाली पण सोडमुंज (लग्नाआधी ब्रह्मचर्य सोडायचा विधी) व्हायच्या आत गेलेलं पोरगं. म्हणजे आठ-दहा वर्षांचं, आणि शंभर वर्षं झाली तरी आठ-दहाचंच. त्याला जे दिसतं ते त्या वयाच्या पोराच्या डोक्यानं दिसतं. एक माणूस आला, त्यानं मोठ्ठी चप्पल हातात घातली आणि भुईवर आपटत गेला, हे बघून बंडू हसून हसून लोळेल, त्याला वाटणार हा खेळ आहे, ह्यात गुन्हा काय ते त्याला कळणारच नाही. त्याला विचारलं चोर बघितलास का तर नाही म्हणणार आणि खरंच बोलतोय तो! चोर म्हणजे त्याच्या लेखी तोंडाला फडकं बांधलेला, कंदील विझवणारा. तुमच्या राणीला बरोबर प्रश्न विचारायला शिकावं लागेल, आणि तीच खरी तपासणी.

दुसरं, मुंजा पिंपळ सोडत नाही. हा नियम काय झालं तरी मोडू नका. त्याला दिसणार ते पिंपळावरनं जेवढं दिसतं तेवढंच. आणि पावसाळा म्हणताय ना, मग पिंपळ गच्च भरलेला असणार, पानगळ त्याची शिशिरात होते आणि चैत्रात कोवळी तांबूस पानं येतात. म्हणजे आषाढ-श्रावणात बंडूला बोळ दिसतच नाही, पानं आडवी येतात, वारं सुटलं की पिंपळ नुसता सळसळतो. त्याला करकर ऐकू येणार, खोकला ऐकू येणार, विडी का सिगारेट वासानं कळणार. फुकटात अर्धा साक्षीदार मिळाला की तुम्हाला.

आणि पोरगं आहे म्हटल्यावर चमकणाऱ्या वस्तू गोळा करणार. साजाची २१ पानं असतात म्हणतात, त्यातलं एक पान पिंपळाच्या ढोलीत सापडू दे. बंडूनं कधी उचललं, कुठनं उचललं, हे त्याच्याकडनं काढून घेताना राणीला त्याच्याशी गोट्या खेळायला लागू देत.

बाकी जगात भारी आयडिया आहे, लिहाच.

शुद्ध_रहस्य

माफ करा पण हे चीटिंग आहे. रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्र्यानं १९२९ सालीच रहस्यकथेचे दहा नियम घालून दिलेत, त्यात दुसराच नियम आहे की अमानवी शक्ती कथेत आणायच्या नाहीत. कारण साधं आहे, वाचक लेखकाबरोबर कोडं सोडवत असतो, भूत आलं की कोडं उरत नाही. एकतर भूतकथा लिहा नाहीतर रहस्यकथा लिहा, दोन दगडांवर पाय कशाला.

रातकिडा_गंगावेस

@शुद्ध_रहस्य दादा, तो नियम उत्तरासाठी आहे हो. चोरी भुतानं केली असं शेवटी निघालं तर मी पण पुस्तक रंकाळ्यात फेकीन. पण भूत कथेत असणं आणि भूत हे उत्तर असणं ह्यात फरक आहे ना? भुताचे नियम पहिल्या प्रकरणातच सांगून टाकले, आणि मग लेखिकेनं ते स्वतः पाळले, तर वाचकाला कोडं सोडवता येतंच. उलट पिंपळ सोडता न येणारा साक्षीदार ही बंद खोलीपेक्षा भारी अट आहे. आणि तेच नॉक्सबाबा चोरवाट एकच चालेल म्हणतात, आमच्या पेठेतल्या वाड्यांना किती आहेत ते त्यांना कोण सांगणार.

आरवलीचा_नातू

चपलांचा विषय निघाला म्हणून लिहितोय, आजोळ सिंधुदुर्गातलं. शिरोड्याजवळ आरवली म्हणून गाव आहे, तिथं वेतोबाचं देऊळ. देव उंचापुरा, आणि नवस फेडायला लोक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, केळीचे घड पण वाहतात. समज असा की देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपलांचे तळ झिजतात. देवळात त्या ठेवलेल्या असतात, लहानपणी मी त्यात पाय घालून बघितलेला आणि आजीनं पाठीत धपाटा घातला होता.

आता तुमच्या कथेकडं येतो. ज्यानं हे बनाव रचलं त्यानं कुठंतरी हे अर्धवट ऐकलंय किंवा मोबाईलवर बघितलंय. त्याला वाटतंय की मोठी झिजलेली चप्पल दिसली की लोक घाबरून पळतील. पण कोकणातल्या माणसाला ती दिसली तर तो हात जोडेल आणि निवांत झोपेल, कारण तो राखणदार आहे! आमच्याकडं देवचार म्हणतात तोही तसलाच, वाट चुकलेल्याला सोडायला येतो, हातात काठी, खांद्यावर कांबळं. भाडेकरूंमधे एक कोकणातली म्हातारी घाला. सगळा वाडा बोंब मारतोय आणि ही सकाळी उठून त्या चपलांना हळदकुंकू लावून केळं ठेवते. वाचक हसेल, आणि हसता हसता त्याला क्लू दिलेला असेल की हे काम करणाऱ्याला प्रथा माहीतच नाही, म्हणजे तो बाहेरचा.

एक विनंती मात्र आहे. वेतोबा हा देव आहे, लोक श्रद्धेनं जातात, त्याला पात्र करून पानापानावर बोलायला लावू नका. देवचार घ्या, तो चालेल. तसंच अंबाबाई, जोतिबा ह्यांना पण लांबनंच नमस्कार.

पिंपळपान_शुक्रवारपेठ

@आरवलीचा_नातू अहो काय दिलंत हे! ती म्हातारी मला आत्ता दिसायला लागली, नऊवारी, नाकात नथ, आणि सगळ्यांना "मेल्यांनो गप झोपा" म्हणणारी. देवांचं मान्य, तसंही मी त्यांना फक्त वेळ कळण्यापुरतं घेणार होते, अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव क्लायमॅक्सला ठेवायचा विचार आहे. मावळतीची किरणं मूर्तीच्या चेहऱ्यावर पोचायला आणि इकडं चोर सापडायला एकच गाठ.

फूट_किती_झालं

किरणोत्सव नोव्हेंबरात ९, १०, ११ ला आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. पहिल्या दिवशी पाय, मग कंबर-छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहरा, ढग आला तर तेही नाही. तुमचा पाऊस आषाढ-श्रावणातला. दोन्ही एका पुस्तकात बसवायचं तर मधे तीन महिने वाड्यातली माणसं काय करत बसणार? एकच घ्या, आणि माझं ऐकाल तर पूर घ्या.

कारण बघा. ह्या प्रकारच्या गोष्टीला काय लागतं, बाहेरचं कुणी आत येऊ शकत नाही आणि आतलं कुणी बाहेर जाऊ शकत नाही. इंग्रज लोक त्यासाठी बर्फ पाडतात. आपल्याला पंचगंगा आहे की. २०१९ च्या ऑगस्टमधे शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद होता, पेट्रोलला रांगा, शहराला पाणी देणारे पंपच पाण्यात म्हणून टँकरच्या मागं घागरी घेऊन पळणारी माणसं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पंचावन्न फुटांच्या वर गेलेली. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या शेंबड्या पोराला पण पाठ असतात. जुलै लागला की फोनवर हॅलोच्या आधी "किती फूट झालं रे?"

आणि तुमचा हिरो पाटबंधारे खात्यात आहे म्हटल्यावर मला राहवेना. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, आणि तिथलं पाणी कोल्हापुरात पोचायला काही तास लागतात. म्हणजे तुमच्या कथेला घड्याळ मिळालं. प्रत्येक प्रकरणाच्या सुरवातीला नुसता एक ओळीचा मेसेज टाका, "दुसरा दरवाजा उघडला, ३७ फूट ४ इंच." वाचकाला कळतंय की पाणी बोळात यायच्या आत चोर सापडला पाहिजे, नाहीतर पुरावा गेला वाहून.

भुतांबद्दल एवढंच सांगतो की नदी विसरू नका. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती अशा पाच मिळून पंचगंगा, पैकी सरस्वती गुप्त. चार नद्या दिसतात आणि पाचवी कुठाय कुणी बघितली नाही, ह्यापेक्षा चांगलं जादूचं पात्र कुठं मिळणार तुम्हाला? घाटावर पाण्यात पाय सोडून बसलेली एक गप्प बाई, जिचं लुगडं कधी ओलं होत नाही. सातीआसरा (पाण्यातल्या सात देवता) पण आहेतच, पण त्यांना गमतीत घेऊ नका, बायका अजून ओटी भरतात.

टाऊनहॉल_बाग

पुराचं आणि नदीचं निघालंच आहे तर, आपल्या टाऊन हॉल म्युझियममधे ब्राँझचा छोटा पोसायडन आहे, ग्रीकांचा समुद्रदेव. १९४० च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला, सातवाहन काळात रोमशी व्यापार चालायचा त्यातनं आलेला. विचार करा, समुद्राचा देव आणि दोन हजार वर्षं अशा गावात अडकलाय जिथं समुद्र नाही, काचेच्या पेटीत, समोर शाळेच्या सहली. पाणी ४३ फुटांवर गेलं की त्याला वाटत असेल, आला वाटतं माझा समुद्र! एका प्रकरणापुरता घ्या, मुंजाशी त्याची भेट होणं शक्य नाही (एक पिंपळावर, एक पेटीत), पण राणी दोघांचे निरोप इकडून तिकडं नेऊ शकते.

काळा_कोट_बावडा

वकिली करतो म्हणून फक्त कायद्यापुरतं. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत भुताची भीती घालून लोकांत घबराट पसरवणं हेही येतं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे तुमच्या माणसानं साज चोरला नसता तरी करकर चपला वाजवून भाडेकरू हुसकले एवढ्यावरच तो आत जातो. म्हणून खुनाची अजिबात गरज नाही असं माझं मत. मेलेलं माणूस आलं की पोस्टमॉर्टेम, पंचनामा, क्राईम ब्रँच, सगळं मागनं येतं आणि तुमच्या राणीला कोण विचारणार मग.

गंमत म्हणजे तुमचं जग असं आहे की भूत खरंच आहे आणि त्याचवेळी एक माणूस खोटं भूत करतोय. ह्यावर बंडू चिडला पाहिजे! आपल्या नावावर दुसरा कोण गैरफायदा घेतोय म्हणून. भुतांची बाजू घेऊन माणसाविरुद्ध तक्रार, हे मला लई आवडेल वाचायला.

पुराव्याचं मात्र लक्षात ठेवा. बंडूची साक्ष कोर्टात चालणार नाही, शपथ घ्यायला पिंपळ सोडून कसबा बावड्याला येणार कसा तो. त्यामुळं मुंजानं सांगितलेलं राणीला फक्त दिशा दाखवेल, सिद्ध तिला हातात धरता येईल अशा वस्तूनं करायला लागेल. फौजदाराला तिनं "पिंपळानं सांगितलं" म्हटलं की तो चहा मागवेल आणि घरी सोडून येईल. @शुद्ध_रहस्य साहेबांचं पण ह्यात समाधान व्हावं.

शुद्ध_रहस्य

अर्धं झालं. चोर भाडेकरूंना का हुसकतोय ते कुणी विचारलंच नाही अजून. बिल्डर असेल तर मी आत्ताच ओळखला, प्रत्येक गोष्टीत बिल्डरच असतो.

फूट_किती_झालं

@शुद्ध_रहस्य बरोबर बोलला. बिल्डर नको. पूररेषा घ्या. निळी रेषा, लाल रेषा, त्यात जागा गेली की बांधकामाचं अवघड होतं आणि भाव पडतो. वाड्याच्या आतल्या भिंतीवर जुन्या पुराची खूण असणारच, लोक तारीख घालून रेघ मारून ठेवतात. कुणाला तरी ती रेघ नको आहे, किंवा खाली पाहिजे आहे. भाडेकरू गेले की भिंत खरवडून चुना मारायचा. साज हा नुसता हाताला लागला म्हणून उचलला, आणि तिथंच अडकला. आक्का रोज त्या रेघेखाली उदबत्ती लावतात कारण त्या पुरात त्यांचं काहीतरी गेलंय, ते काय ते तुम्ही ठरवा.

वहिनी_रंकाळा

मी प्रेमाचं सांगते, बाकीचं ह्या पुरुषमंडळींनी वाटून घेतलंय.

पहिलं म्हणजे पावसात भिजणं, छत्री उडणं, धडकून पुस्तकं पडणं हे सगळं खोडून टाक बाई. पुराच्या गावात पावसाचं कौतुक कुणाला नसतं. तुझ्याकडं सोन्यासारखी गोष्ट आलीय ती म्हणजे ते फुटांचे मेसेज. तो आधी ग्रुपवर टाकतो सगळ्यांसाठी. मग एक दिवस ग्रुपच्या आधी पाच मिनिटं तिला एकटीला पाठवतो. बास, एवढंच. कोल्हापूरच्या बाईला हे वाचून कळणार की गाडी कुठं निघालीय. मग एकदा त्यानं ४१ फूट लिहिलं आणि पुढं काहीतरी लिहून डिलीट केलेलं दिसलं की सगळा वाडा विचारत बसेल काय होतं ते, आणि तो शेवटपर्यंत सांगणार नाही.

भेटायला गंगावेशीतला दूधकट्टा घे. रात्री म्हैस समोर पिळून फेसाळ दूध हातात देतात, तिथं कुणी कुणाकडं बघत नाही, सगळे ग्लासात बघतात. तो बाहेरचा म्हणून त्याला मिशी येणार दुधाची आणि ती सांगणार नाही त्याला, मुद्दाम. रंकाळ्यावरची भेळ नंतर, पाऊस उघडल्यावर. रंकाळ्याचा नंदी रोज गव्हाएवढा पुढं आणि तांदळाएवढा मागं सरकतो आणि पाण्याला पोचला की प्रलय, ही गोष्ट ती त्याला सांगेल आणि तो इंजिनियर असल्यानं लगेच हिशोब करायला बसेल की निव्वळ किती सरकतो. असला माणूस मला आवडला असता बाई.

आणि बंडूला वाऱ्यावर सोडू नको. मुंजाचं सगळं दुखणं लग्नाचंच ना, सोडमुंजच झाली नाही त्याची. मग ह्या दोघांचं जुळताना बघून त्याचं काय होत असेल? आधी तो विश्वासच्या डोक्यावर पिंपळाची फळं टाकेल, चपला लपवेल, राणी आपल्याशी गोट्या खेळायची ती आता फोनमधे बघते म्हणून रुसेल. आठ वर्षांचं पोर आहे, तुमच्या प्रेमाबिमाचं त्याला काय. मी तर म्हणते गोष्टीतलं भांडण तेच ठेव, हिरो भुतावर विश्वास ठेवत नाही ह्यापेक्षा भुताला हिरो पसंत नाही हे जास्त गोड आहे.

पहिल्याच पुस्तकात लग्न नको. हात हातात पण नको. पुढच्या भागाला काय ठेवणार मग?

वादी_आणि_वेणी

उशिरा आलो. आमच्या घरात तीन पिढ्या चपलांचं काम, म्हणून दोन गोष्टी सांगतो, त्यातली एक तुमची अख्खी कथा फिरवेल.

आधी छोटी. राणीला कारागीर केलंय ते चांगलं, पण मग तिच्या हातात काम दिसू दे. चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात, खिळा मारत नाहीत, चामड्याच्याच वादीनं शिवतात, वर वेणी, बाजूला कान, आणि तयार झाल्यावर तेल पाजायचं. २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. राणी नुसत्या वादीच्या टाक्यावरनं सांगेल हा जोड कुणाच्या हातचा. ह्या कामाला समाजात काय वागणूक मिळालीय ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं फौजदार तिला "तू चपला शिव" म्हणाला तर तिचं उत्तर लिहून ठेवा चांगलं. आणि पेठेतल्या भुतांत पण जाती आहेत हो, मुंजा बामणाचा, खवीस दुसऱ्याचा, हे गमतीत लिहिताना जरा जपून. बंडूनं राणीच्या हातचं पाणी मागितलं तर मला त्यात एक चांगला प्रसंग दिसतो, पण तो तुम्हीच ठरवा.

आता मोठी. पावसाळ्यात कोल्हापुरी कोण घालतंय? चामडं पाणी पितं, फुगतं, तळ लिबलिबीत होतो, दोन दिवस तसंच ठेवलं की पांढरी बुरशी येते. आमच्याकडं आषाढात गिऱ्हाईक नसतं, जोड बांधून माळ्यावर जातात. आणि भिजलेली चप्पल करकर वाजत नाही, फचक फचक करते! करकर वाजायला चामडं कोरडं पाहिजे. तुमचं भूत रात्रभर पावसात बोळात फिरलं, आणि सकाळी उंबऱ्यावरचा जोड कोरडा, तळ झिजलेले पण फुगलेले नाहीत, बुरशी नाही, वादी घट्ट. म्हणजे तो जोड कधी पावसात गेलाच नाही. आत, कोरड्या फरशीवर वाजवला, आणि तळ पॉलिश पेपरनं घासले. घासलेला तळ सगळीकडं सारखा झिजतो, चाललेला माणूस टाच आणि अंगठ्याखाली झिजवतो. राणीनं हातात घेतला की अर्ध्या मिनिटात कळणार.

आवाज बोळातनं येत नव्हता, वाड्याच्या आतनं येत होता. चोर भाडेकरूच.

रातकिडा_गंगावेस

भावाऽऽ नाद खुळा! आणि म्हणूनच बंडूला आवाज ऐकू आला पण पायाखालचं पाणी उडालेलं ऐकू आलं नाही. त्यानं पहिल्या प्रकरणातच सांगितलेलं असू दे की "तो भुईवर पाय आपटत होता पण चबचब नाही झाली", आणि वाचकासकट कुणाचं लक्ष जाऊ नये.

शुद्ध_रहस्य

मान्य. हा क्लू भूत काढून टाकलं तरी चालतो, म्हणजे रहस्यकथा उभी राहते. ऑर्डर देणाऱ्यानं पावसाच्या तोंडावर चप्पल मागितली तेव्हाच राणीला शंका यायला पाहिजे होती, तेवढं सांभाळा. बापानं मंदीत आलेली ऑर्डर म्हणून खुशीत घेतली असं दाखवा.

पिंपळपान_शुक्रवारपेठ

मंडळी काय बोलू. सकाळपासनं वही घेऊन बसलेय. तर ठरलं ते असं: खून नाही, किरणोत्सव दुसऱ्या पुस्तकाला, बंडू पिंपळावरच आणि पानांआड, कोकणातली म्हातारी आत, भिंतीवरची पुराची रेघ हे कारण, आणि कोरडा जोड हा पुरावा. पोसायडनचं अजून मन होईना सोडवत, एक प्रकरण देतेच त्याला. गुप्त नदीची बाई पण पाहिजे मला, तिनं एकच वाक्य बोलायचं असं ठरवलंय.

चोर कोण ते इथं सांगत नाही. भाडेकरू पाच आहेत, त्यातला एक रोज रात्री दूधकट्ट्यावर जातो म्हणून सांगून जातो आणि त्याला दूध पचत नाही, एवढंच सांगते.

@वहिनी_रंकाळा ते डिलीट केलेल्या मेसेजात काय होतं ते मी ठरवलंय पण विश्वास तरी सांगेल असं वाटत नाही. आणि वादी आणि वेणी दादा, चपलांची प्रकरणं झाली की तुम्हाला पाठवू का वाचायला? टाके चुकले असतील तर सांगा.

वादी_आणि_वेणी

पाठवा की. फक्त पावसाळा संपायच्या आत पाठवा, दसऱ्यानंतर मान वर करायला सवड नसते.

वहिनी_रंकाळा

दूध पचत नाही म्हणे! मला कळला कोण ते. दुसऱ्या मजल्यावरचा ना?

पिंपळपान_शुक्रवारपेठ

वहिनी गप्प बसा ओ.